संशोधनाला एकच राजधानी नसते

आपल्या देशात ‘संशोधन’ हा शब्द उच्चारला की सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर मुंबई, पुणे, दिल्ली वा बंगळूर येथील एखादी भव्य इमारत उभी राहते. ज्ञान तेथे निर्माण होते आणि मग ते जिल्ह्याजिल्ह्यांत झिरपत जाते, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. ही समजूत किती अपुरी आहे हे पाहायचे असेल तर महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकातील बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांकडे दृष्टी वळवावी. मागासलेला, अवर्षणग्रस्त मुलूख म्हणून ज्यांचा उल्लेख अर्थसंकल्पाच्या भाषणांत होतो, त्याच या जिल्ह्यांनी पुरातत्त्व, गणित, धर्मशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि धातुविद्या अशा परस्परांपासून दूर भासणाऱ्या शाखांना अभ्यासाचे विषय पुरविले आहेत. किनारपट्टीवरील आपल्या वाचकांना हा प्रदेश दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो तसा दूर नाही.

गोव्याच्या इतिहासाचेच पाहा. 1472 साली गोवा बंदर विजयनगरच्या ताब्यातून बहामनी राज्याकडे गेले. ती मोहीम ज्याने चालविली तो महमूद गावान हा कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातून आलेला, आरंभी व्यापारी आणि पुढे वजीर झालेला पुरुष. त्याच वर्षी बीदरमध्ये त्याने बांधविलेला मदरसा पुरा झाला. संगमेश्वर, खेळणा आणि गोवा या मोहिमांतून त्याने लिहिलेली फारसी पत्रे आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. त्याच सुमारास अफनासी निकीतिन हा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला, घाट चढून जुन्नरमार्गे बीदरला पोचला आणि तेथील बाजार, सरदारांचा थाट व रयतेची दैन्यावस्था यांची नोंद त्याने आपल्या भाषेत करून ठेवली. म्हणजे पंधराव्या शतकातील कोकणपट्टी समजून घेण्यासाठी एकाच वेळी फारसी आणि रशियन कागद वाचणे आवश्यक ठरते, आणि त्या दोन्ही कागदांची वाट बीदरवरून जाते.

याहून मागे गेले तर दुवा अधिकच घट्ट होतो. गोव्याच्या कदंब घराण्यातील दुसरा जयकेशी हा कल्याणच्या चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याचा जावई. त्याची राणी मैलळदेवी ही विक्रमादित्याची कन्या. ते कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. जॉर्ज मोराइश या गोमंतकीय इतिहासकाराने 1931 साली कदंबकुळाचा इतिहास प्रसिद्ध केला तेव्हा त्यांना संस्कृत व कन्नड शिलालेखांचा आधार घ्यावा लागला. गोव्याचा मध्ययुगीन इतिहास केवळ पोर्तुगीज दप्तरातून लिहिता येत नाही, हे त्या ग्रंथाने सिद्ध केले.

याच विक्रमादित्याच्या कारकीर्दीत (1076 ते 1126) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील आपली ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. हा ग्रंथ शास्त्री-पंडितांच्या पोथ्यांतच राहिला असता तर त्याची चर्चा आज कोणी केली नसती. परंतु बंगालचा अपवाद वगळता देशाच्या बहुतेक भागात हिंदू एकत्र कुटुंबाची मालमत्ता कोणाची, हा प्रश्न शतकानुशतके याच ग्रंथाच्या आधारे सुटत आला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात ‘मिताक्षरा’ हा शब्द आहे आणि 2005 साली मुलींना वडिलार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध समान हक्क देणारी जी दुरुस्ती झाली, तीही त्याच शब्दाचा उल्लेख करून झाली. गोव्याची दिवाणी संहिता निराळी असली, तरी कोकणातील घराघरांतून झालेल्या वाटण्यांच्या मुळाशी कल्याणच्या एका पंडिताचे चिंतन आहे. या साऱ्या परंपरेचा विराट आढावा घेणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे हे कोकणचेच सुपुत्र होते, हा केवळ योगायोग मानू नये. ज्याला आपल्या दारातील व्यवहार समजून घ्यायचा असतो, तो घाटापलीकडच्या ग्रंथापर्यंत पोचतोच.

विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा तर बाराव्या शतकातील ज्ञानकोशच होय. हत्तींच्या निगेपासून पाकशास्त्रापर्यंत आणि रत्नपरीक्षेपासून संगीतापर्यंत असंख्य विषय त्यात आले आहेत. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद या कन्नड देशीच्या राजाने संस्कृतातून केली आहे. मराठी ओवीच्या इतिहासाचा एक फार जुना पुरावा अशा रीतीने कल्याणच्या दरबारातून मिळतो.

कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड हे आज एक लहानसे गाव आहे. एके काळी ते राष्ट्रकूटांचे मान्यखेट होते. तेथील राजा अमोघवर्ष याच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ रचला आणि ग्रंथारंभी राजाचे गुणगान केले. अनेक वस्तूंतून काही वस्तू निवडण्याचे प्रकार किती, याचा सर्वसाधारण नियम त्याने दिला. ऋण संख्येला वर्गमूळ असू शकत नाही हेही त्याने स्पष्ट सांगितले. मात्र शून्याने भागले असता संख्या तशीच राहते, असे विधानही त्यानेच केले आणि ते चुकीचे आहे. प्राचीनांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे दोन्ही भाग एकत्र वाचावेत. जो ग्रंथ बरोबर आणि चूक अशा दोन्ही कसोट्यांना उतरू शकतो तोच शास्त्राचा ग्रंथ. ज्याची चूक दाखविणे हा अपराध ठरतो, त्याला फार तर देव्हाऱ्यात जागा मिळते. 1912 साली एम. रंगाचार्य यांनी मद्रासहून इंग्रजी भाषांतरासह हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मगच आधुनिक गणितेतिहासाला त्याचा खरा परिचय झाला.

आता जमिनीखाली उतरू. पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात असलेल्या आणि आता यादगीर जिल्ह्यात गेलेल्या सुरपूर भागात, हुणसगी खोऱ्यात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी अनेक वर्षे पायपीट करून अश्मयुगीन वस्तीच्या शेकडो खुणा नोंदविल्या. इसामपूर येथे चुनखडीच्या खडकातून हत्यारे घडविण्याची प्राचीन जागाच सापडली. तेथील प्राण्यांच्या दातांच्या परीक्षणावरून तिचे वय सुमारे बारा लाख वर्षे असावे असा अंदाज बांधण्यात आला. येथे पोथी नाही, शिलालेख नाही, राजाचे नाव नाही. दगडावरील घाव हाच लेख आणि पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा हाच त्याचा वाचक. याच मुलखात 1841 पासून सुमारे बारा वर्षे कारभार पाहणारा मेडोज टेलर हा कंपनी सरकारच्या काळातील अधिकारी जेवरगीजवळच्या महापाषाणयुगीन थडग्यांचे उत्खनन करीत होता आणि मातीच्या थरांची रेखाटने काढीत होता. त्या काळी अशी काटेकोर नोंद ठेवण्याची पद्धत या देशात जवळजवळ नव्हतीच. हौशी माणसाची शिस्त पुढच्या शास्त्राला कशी उपकारक होते, याचे हे उदाहरण आहे.

भीमेच्या काठावरील सन्नती येथील श्रीचंद्रलांबा परमेश्वरी हे अनेक कुटुंबांचे कुलदैवत. 1986 साली या मंदिर परिसरातील कालीमंदिराचे छत कोसळले आणि जीर्णोद्धाराच्या वेळी मूर्तीच्या खालची शिळा म्हणजे सम्राट अशोकाचा आदेशलेख असल्याचे उघड झाले. मूर्ती बसविण्यासाठी शिळेत भोक पाडलेले होते आणि त्यात काही अक्षरे कायमची गेली होती. उरलेल्या मजकुरात दोन असे स्वतंत्र लेख निघाले, जे तोवर केवळ ओडिशातील धौली आणि जौगड येथेच ठाऊक होते. जवळच्या कनगनहळ्ळी येथे 1994 पासून भारतीय पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात भव्य स्तूप निघाला. त्याच्या शिल्पपटांत राण्यांसह उभा असलेला एक राजा असून त्याचे नाव ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे : राजा अशोक. सातवाहन राजांच्याही नामांकित प्रतिमा तेथे आहेत. या लेखांचे वाचन 2014 साली टोकियोहून प्रसिद्ध झाले आणि ते केले एका जर्मन पंडिताने, ओस्कार फॉन हिन्यूबर यांनी, एका जपानी विदुषीच्या, मायको नाकानिशी यांच्या सहकार्याने. भक्तांनी जपलेली शिळा, मजुरांनी खणलेला स्तूप आणि परदेशी विद्वानांनी लावलेला अक्षरांचा अर्थ या तिन्हींपैकी एकही गळला असता तर हा इतिहास अपुरा राहिला असता.

किनारपट्टीच्या वाचकाला सर्वांत जवळचे वाटेल असे उदाहरण मात्र बीदरच्या पाण्याचे आहे. बीदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. आपल्याकडील चिरेखाणीत निघतो तोच हा दगड. पावसाचे पाणी तो पिऊन घेतो आणि खाली कठीण, अभेद्य थर लागला की ते पाणी त्याच्या पाठीवरून वाहत जाते. आपल्या डोंगरपायथ्याच्या झरी याच न्यायाने वाहतात आणि कुळागरे याच पाण्यावर पोसली जातात. बहामनी काळात इराणी पद्धतीच्या जाणकारांनी हा गुण हेरून बीदर-नौबाद परिसरात जमिनीखालून बोगदे खोदले व ठिकठिकाणी उभे कूप पाडून ते पाणी वस्तीपर्यंत आणले. त्यास करेझ म्हणतात, लोकांच्या तोंडी ‘सुरंगबावी’. पुढे हे बोगदे गाळाने बुजले आणि विस्मृतीत गेले. केरळमधील भूगोलाचे अभ्यासक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी अलीकडच्या काळात नकाशे, उपग्रहचित्रे आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या साह्याने त्यांचा मार्ग पुन्हा रेखाटला. इतिहासकाराला येथे भूगर्भशास्त्रज्ञाचा हात धरावा लागतो आणि भूगर्भशास्त्रज्ञाला फारसी बखरींचा. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होते, तेथे हे संशोधन केवळ पुस्तकी राहत नाही. कूप बुजवून त्यांवर घरे बांधायची की ते राखून पाणी मुरवायचे, हा तेथील नगरपालिकेपुढचा रोजचा प्रश्न आहे.

बीदरी कलाकुसरीचेही तसेच. जस्तात थोडे तांबे मिसळून केलेल्या भांड्यावर चांदीची नक्षी ठोकायची आणि किल्ल्यातील जुनी, क्षारयुक्त माती नवसागराबरोबर उकळून त्या पाण्याने भांडे काळे करायचे. चांदी मात्र तशीच लखलखीत राहते. ही माती चवीवरून ओळखणारा कारागीर आणि तिचे पृथक्करण करणारा रसायनशास्त्रज्ञ यांच्यापैकी संशोधक कोणास म्हणावे? आमच्या मते दोघांसही.

ही सारी विविधता पाहून आनंदाबरोबर चिंताही वाटते. पहिली चिंता दुराव्याची. 1956 साली हैदराबाद संस्थानाची भाषावार फाळणी झाली. जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. सीमा आखल्या गेल्या त्यात अनेकांची मने दुखावली आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. त्याच्या गुणावगुणांची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु त्या रेषेबरोबर अभ्यासही वाटला गेला, हे मोठे नुकसान झाले. गुलाम याझदानी यांचा बीदरवरील 1947 चा ग्रंथ इंग्रजीत, शिलालेखांचे संग्रह कन्नडमध्ये, बहामनी साधने फारसीत आणि ग. ह. खरे यांच्यासारख्यांनी केलेले काम मराठीत. हे सर्व वाचणारा अभ्यासक एके काळी दुर्मिळ होता, आता तो दिसेनासा होत चालला आहे. भालकी-औरादच्या बाजारात मराठी आणि कन्नड एकाच दमात बोलणारा दुकानदार भेटतो. विद्यापीठांत मात्र तसा प्राध्यापक शोधावा लागतो.

दुसरी चिंता मालकीची. अशोक कोणाचा, विज्ञानेश्वर कोणाचा, गावान कोणाचा, असा हिशेब मांडला की संशोधन संपते आणि वकिली सुरू होते. वकिलाला निकाल आधी ठाऊक असतो, पुरावा तो नंतर गोळा करतो. संशोधकाचा क्रम उलटा असतो. सन्नतीच्या शिळेवर मूर्ती बसविणाऱ्याने अक्षरे ओळखली नाहीत, त्यास आपण अज्ञानाचा फायदा देऊ. परंतु आज कळूनसवरून जो केवळ आपल्याला सोयीचा थर ठेवून बाकीचे खरवडून काढील, त्यास कोणता फायदा द्यावा? कनगनहळ्ळीची शिल्पे उत्खननानंतर कित्येक वर्षे उघड्यावर पडून होती आणि जतनाचे काम 2022 मध्ये हाती घेण्यात आले. भांडण्यास सारे पुढे असतात, छप्पर घालण्यास कोणी नसतो, हे आपले जुने दुखणे आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. बीदर-कलबुर्गीच्या कन्नड शिलालेखसंग्रहांचे मराठी अनुवाद आणि मराठी संशोधनाचे कन्नड अनुवाद सुरू करता येतील. गोवा व महाराष्ट्रातील विद्यापीठांनी इतिहासाच्या विद्यार्थ्यास कन्नड किंवा फारसी यांपैकी एक भाषा सक्तीने शिकवावी. कलबुर्गी परिसरात 1980 पासून राज्य विद्यापीठ आणि 2009 पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. त्यांच्याशी आपल्या संस्थांनी विद्यार्थ्यांची देवघेव ठेवावी. आणि पाण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांनी एकदा तरी नौबादच्या बोगद्यात उतरून पाहावे.

देश एक असला म्हणून त्याचे ज्ञान एका साच्याचे असावे लागत नाही. जांभ्याच्या पठारावर पडलेले पाणी अनेक भेगांतून उतरते, पण खालच्या थरावर ते एकत्र येऊन वाहते. बोगदा खोदणाऱ्यांना हे पाचशे वर्षांपूर्वी कळले होते. आपण ते ध्यानी घेऊन कूप उघडे ठेवले, तर पुढच्या पिढीला तहानेने आपल्या दारी यावे लागणार नाही.