व्हिसाची मुलाखत ही तोंडी परीक्षा नव्हे

अमेरिकेतल्या पतीकडे किंवा पत्नीकडे कायमचे राहायला जाण्यासाठी मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात (व्हिसा देणारे परदेशी सरकारचे कार्यालय) मुलाखत होते. अनेक जण त्यासाठी उत्तरे पाठ करतात. त्याची गरज नाही. विवाह खरा आहे, केवळ स्थलांतरासाठी केलेला नाही, हेच मुख्यतः अधिकारी पाहतात. शेजारच्या काकूंनी ‘लग्न कसं जमलं?’ विचारले तर आपण सांगू, तसेच इथेही सांगावे: स्थळ कोणी सुचवले, पहिल्यांदा कुठे भेटलात, जोडीदार काय काम करतो. पाहून-ठरवून केलेले लग्नही तितकेच ग्राह्य असते. एखादी तारीख आठवत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. अंदाजाने सांगितलेली तारीख कागदांशी जुळली नाही, की प्रश्न वाढतात.

सर्वांत जास्त घबराट होते ती ‘२२१(जी)’ची चिठ्ठी मिळाल्यावर. कायद्याच्या भाषेत तो नकारच असतो, पण बहुधा एखादा कागद किंवा तपासणी बाकी असल्यामुळे दिलेला. मागितलेला कागद वर्षभरात दिल्यास त्याच अर्जाचा पुन्हा विचार होतो.

अमेरिकेत पोहोचताना लग्नाला २ वर्षे पूर्ण नसतील, तर ग्रीन कार्ड सशर्त (२ वर्षांपुरते) मिळते. अट काढण्याचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत करावा लागतो.