जाहिरात ते रुजू अहवाल

धाराशिव जिल्ह्यात आठ नगरपरिषदा आणि वाशी, लोहारा या दोन नगरपंचायती आहेत. एकेकाळी नगरपालिकेतल्या लिपिकाची जागा गावातल्या गावातच भरली जायची. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं, कार्डाचं नूतनीकरण चुकवायचं नाही आणि पोस्टमनची वाट पाहायची, एवढंच उमेदवाराच्या हातात असे. 2006 च्या नियमांनी स्थापत्य, लेखा, करनिर्धारण अशा सेवा राज्यस्तरीय केल्या. नगराध्यक्षाच्या ओळखीला त्यामुळे अर्थ उरला नाही, हे चांगलंच झालं. पण भूमच्या मुलीला गडचिरोलीची नेमणूक मिळू शकते, हेही त्याबरोबरच आलं.

2018 मध्ये या नगरपरिषद राज्यसेवेच्या 1,889 जागांची जाहिरात आली. परीक्षा शासनाच्या महापरीक्षा पोर्टलवर झाली. त्याच वर्षी नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे होते आणि त्यांतला एक आपला. मोठे उद्योग नाहीत, पावसाचा भरवसा नाही. कोरडवाहू घरातल्या पदवीधराला पगाराची खात्री देणारी दुसरी वाट इथे फारशी नव्हती. म्हणून पुढच्या पाच वर्षांत जे घडलं, ते इथल्या घरांना फार लागलं.

मार्च 2019 मध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांच्या 13,514 जागा निघाल्या. लाखोंनी शुल्क भरलं. परीक्षा झालीच नाही. 2022 मध्ये भरती रद्द करून शुल्क परत करण्याचं ठरलं. मधल्या काळात तक्रारींमुळे महापरीक्षा पोर्टल बंद झालं आणि पाठोपाठ कोरोना आला. सप्टेंबर 2021 मध्ये आरोग्य विभागाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली, डिसेंबरात म्हाडाची परीक्षा ऐनवेळी रद्द झाली. खासगी कंपन्यांच्या हातून पेपर फुटल्याचं उघड झालं. प्रवासाचे पैसे उसने घेऊन निघालेल्या पोराला ही बातमी वाटेत मोबाईलवर कळणं, याची भरपाई कोणत्याही शासन निर्णयात नव्हती.

मग 2023 मध्ये सगळं एकदमच आलं. टीसीएस आणि आयबीपीएस या संस्थांमार्फत तलाठ्यांच्या 4,644 जागा, जिल्हा परिषदा, आणि जुलैमध्ये नगरपरिषद राज्यसेवेच्या 1,782 जागा. वाया गेलेल्या वर्षांबद्दल वयात दोन वर्षांची सूट मिळाली. खुल्या प्रवर्गाला एका अर्जाचे हजार रुपये, मागासवर्गीयांना नऊशे. पाच-सहा पदांचे अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात हा खर्च बी-बियाण्यांच्या पैशातूनच निघतो आणि तो मला आजही अन्यायाचा वाटतो.

परीक्षेनंतर लागलेली यादी वाचणं हे वेगळंच शिक्षण. पेपर अनेक सत्रांत झाले, म्हणून गुणांचं सामान्यीकरण आलं. तलाठी भरतीत 200 पैकी 214 गुण दिसले तेव्हा राज्यभर संताप उसळला. सामान्यीकरणाच्या सूत्राने असं होऊ शकतं, हे शासनाने आधी नीट समजावून सांगायला हवं होतं. त्यापुढे समांतर आरक्षण: महिला 30 टक्के, माजी सैनिक 15, प्रकल्पग्रस्त 5, भूकंपग्रस्त 2. यातला शेवटचा आकडा आपल्याकडे जिव्हाळ्याचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीबरोबर आपल्या लोहारा, उमरगा भागातली सास्तूरसारखी गावंही कोसळली. आजोबांच्या पडलेल्या घराचं प्रमाणपत्र त्या पहाटेनंतर जन्मलेल्या नातवाला निवड यादीत घेऊन जातं. म्हणून नुसता कट-ऑफ पाहून निराश होऊ नये. आपला प्रवर्ग आणि समांतर रकाना दोन्ही जुळवून मगच यादी वाचावी.

यादीत नाव लागलं म्हणजे नोकरी लागली, असं गावात पेढे वाटणारे समजतात. त्यानंतर कागदपत्र पडताळणी असते. नॉन क्रिमिलेअर, जात वैधता, चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय दाखला, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, एमएस-सीआयटी. यातला एक कागद मुदतीबाहेरचा निघाला तरी अभ्यासाची वर्षं पणाला लागतात.

मग निवडीचा पेच. हुशार पोरांची नावं एकाच हंगामात दोन-तीन याद्यांत आली. जिल्ह्यातलं तलाठीपद घ्यावं, की परक्या विभागातल्या नगरपरिषदेत करनिर्धारण व प्रशासकीय सेवेत जावं? घरी म्हातारे आईवडील असतील तर जिल्ह्यातली जागा नाकारू नये, असं मी विचारायला आलेल्यांना सांगत आलो. बांधाबांधावरून फिरायची तयारी नसेल त्याने मात्र नगरपरिषद घ्यावी. तिथे पाणीपट्टी, घरपट्टी, आस्थापना असं शहराचं कामकाज आतून कळतं. एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगतो. जे पद नको, ते लगेच लेखी कळवून सोडा. प्रतीक्षा यादीला मुदत असते. तुमच्या गप्प बसण्याने खालच्या उमेदवाराचा महिना-महिना जातो आणि मुदत संपली की त्याला पुन्हा नव्या जाहिरातीच्या रांगेत उभं राहावं लागतं. लोकसेवा आयोगाने बाहेर पडण्याचा पर्याय सुरू केला. तशीच सोय प्रत्येक सरळसेवा भरतीत हवी.

रुजू होण्याची तारीख किती जड असते, ते जुन्या पेन्शनने दाखवून दिलं. 1 नोव्हेंबर 2005 पासून सेवेत आलेल्यांना ती बंद झाली. ज्यांची जाहिरात त्याआधीची होती, पण आदेश उशिरा निघाले, तेही तिच्यातून बाहेर पडले. त्यांना जुनी पेन्शन निवडण्याची एकदाच संधी देणारा शासन निर्णय फेब्रुवारी 2024 मध्ये निघाला, तोवर जुनी पेन्शन बंद होऊन अठरा वर्षं उलटून गेली होती. त्या वेळी हक्क ठरला तो जाहिरातीच्या तारखेवरून. म्हणून नेमणूक आदेश आणि रुजू अहवाल यांच्याबरोबर मूळ जाहिरातीची प्रतही फाईलला लावून ठेवायला मी प्रत्येकाला सांगतो.