कर्करोगाचे उपचार आणि व्यायाम

आमच्या वसतिगृहाचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ताईंना स्तनाचा कर्करोग झाला. केमोथेरपी सुरू होताच घरच्यांनी त्यांना खाटेवरून उठू दिले नाही. आम्हीही "विश्रांती घ्या" एवढेच म्हणत राहिलो. चार महिन्यांनी त्यांना जिना चढवेना. आमची ती माया अज्ञानाची होती, हे येथे कबूल केले पाहिजे. पुढे रेडिएशनच्या वेळी एका फिजिओथेरपिस्टने त्यांना चालावयास लावले, तेव्हा कुठे आम्ही या विषयाचे वाचन केले.

उपचारकाळातील थकवा झोपेने भरून निघत नाही. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, दम लवकर लागतो आणि थकवा अधिकच वाढतो. याउलट आठवड्यातून तीनदा, ३० मिनिटे, बोलता येईल इतक्या वेगाने चालल्यास थकवा व उदासी कमी होते, असे २०१९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी नमूद केले. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने वजन उचलू नये, असे पूर्वी सर्रास सांगत. परंतु हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढविल्याने सूज बळावली नाही. (भरलेली कळशी एकदम उचलणे निराळे!)

ताप असल्यास, प्लेटलेट घटल्यास वा रोग हाडांत पसरल्यास मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून व्यायाम करू नये.

ताई आता सकाळच्या वंदनेनंतर मैदानाला तीन फेऱ्या मारतात. सोबतीला सातवीच्या मुली असतात.