एक चूल, दोन भांडी

डासाचे घरदार : भाग ६

रोवणी आटोपली की पवनी तालुक्यातल्या कोंढ्याच्या शिवारात बांध्याबांध्यांतून पाणी उभे राहते. दिवेलागणीला गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर होतो, जनावरे शेपट्या हलवत उभी राहतात आणि अंगणात बसलेला माणूस दर मिनिटाला स्वतःच्याच पोटरीवर चापटी मारतो. मागच्या भागात आपण डासाची सोंड कातडीत शिरेपर्यंतचा प्रवास पाहिला. आज चापटी चुकवून उडालेल्या मादीमागे जाऊ. पोट भरल्यावर ती त्या रक्ताचे करते काय?

पहिली गोष्ट, रक्त हे तिचे रोजचे जेवण नव्हे. नर आणि मादी दोघेही फुलांतला मध आणि झाडांचा गोड रस पितात. उडण्याची ताकद त्या साखरेतून येते. पण साखरेतून अंडी घडत नाहीत. त्यांना प्रथिने लागतात आणि ती रक्तात भरपूर असतात. म्हणून चावते ती फक्त मादी, आणि एका बैठकीत जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके रक्त ओढते. आपण एका पंगतीत पन्नास किलो जेवावे, तसा हा प्रकार.

हे जेवण पचवणे सोपे नसते. आतड्यातले पाचकरस प्रथिनांचे तुकडे करतात आणि त्यांतून सुटलेली अमिनो आम्ले पोटाच्या पोकळीत पसरलेल्या मेदपिंडाकडे जातात. मेदपिंड म्हणजे डासाचे यकृत आणि कोठार एकाच ठिकाणी. इकडे मेंदूतून निघालेली संप्रेरके अंडाशयाला जागे करतात. त्यांत आपल्याकडे मधुमेहामुळे घरोघरी ठाऊक झालेल्या इन्सुलिनची भावंडेही असतात. अंडाशय एक्डायसोन नावाचे संप्रेरक सोडते. त्याचा निरोप पोचला की मेदपिंड अंड्यातल्या बलकाचे प्रथिन तयार करू लागते. साधारण एका दिवसात हे काम ऐन भरात येते आणि दोन-तीन दिवसांत अंड्यांची खेप तयार होते. डेंग्यू पसरवणारी एडिस मादी एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालते.

आता खरी अडचण. जंतूंशी लढायची सामग्रीही बरीचशी याच मेदपिंडात तयार होते. जिवाणू मारणारी लहान प्रथिने इथूनच डासाच्या स्वतःच्या रक्तात सोडली जातात. चूल एकच, भांडी दोन. एकात अंड्यांचा बलक शिजतो, दुसऱ्यात संरक्षण.

हिवतापाचा परजीवी येतो तो नेमका या गडबडीत. रक्ताबरोबर पोटात गेलेला परजीवी साधारण दिवसभरात आतड्याच्या भिंतीतून पार होऊ लागतो, म्हणजे बलकाचे भांडे उकळीला आलेले असते तेव्हाच. आफ्रिकेतल्या अॅनोफिलिस गॅम्बिए डासावर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की बलकाचे प्रथिन आणि मेद वाहून नेणारे प्रथिन रक्तात वाढले की टेप-१ नावाच्या पहारेकरी प्रथिनाची परजीवी मारण्याची धार कमी होते. ही दोन प्रथिने काढून टाकली की पहारा पुन्हा कडक होतो.

मग अंडीच होऊ दिली नाहीत तर परजीवी आपोआप मरेल? हिशेब इतका सरळ नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या गटाने एक्डायसोनचा निरोप तोडून पाहिला. अंडी बिघडली आणि परजीवींची संख्याही घटली. मात्र जे उरले ते अधिक वेगाने वाढले. अंड्यांत न गेलेला मेद त्यांच्या वाट्याला आला होता. एरवी परजीवी हा समंजस भाडेकरू असतो. घरमालकिणीच्या ताटातले तो ओढत नाही, उरलेल्यावर भागवतो. त्याला घाई नसते, कारण ती जगली तरच तो पुढच्या माणसापर्यंत पोचणार.

जगण्याचा हा हिशेब कळला की हिवताप निम्मा कळतो. डासाच्या पोटात गेल्यापासून लाळेत उतरेपर्यंत परजीवीला उबदार हवेत साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. समजा, शंभर माद्यांपैकी रोज ऐंशी टक्के दुसरा दिवस पाहतात. तर बाराव्या दिवशी उरतील जेमतेम सात. तोच परजीवी दहा दिवसांत तयार झाला, तर रोग द्यायला अकरा माद्या हजर असतील. दोन दिवसांनी एवढा फरक पडतो. आणि २०२१ साली दिसून आले, की मादीने मधल्या काळात पुन्हा रक्त प्यायले तर परजीवी लवकर तयार होतो. रानातली मादी तर दर खेपेला पुन्हा रक्त पितेच.

यातली बरीचशी माहिती आफ्रिकेतल्या डासांची आहे. आपल्याकडे खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास अॅनोफिलिस क्युलिसिफेसिस. तो माणसापेक्षा गुराढोरांकडे जास्त वळतो. वरून एक दिसला तरी त्यात ए, बी, सी, डी, ई अशा पाच जुळ्या जाती आहेत, आणि त्यांतली बी परजीवी वाहण्यात बरीच कच्ची. सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसणारे डास आतून किती वेगळे असू शकतात, त्याचा हा आपल्या मातीतला दाखला.

मादीच्या या संसाराचे भांडवल मात्र ती उडायच्या आधीच ठरलेले असते, बांधीतल्या पाण्यात. अळीला जे खायला मिळाले तेवढाच मेद घेऊन मादी बाहेर पडते. मदुराईजवळच्या भातशेतांत झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरिया घातलेल्या शेतांत डासांच्या अळ्या वाढलेल्या आढळल्या. धानाला दिलेल्या खताचा थोडा वाटा डासालाही मिळतो तो असा.

उलट बाजूही आहे. अळ्यांची दाटी झाली, खाणे अपुरे पडले, तर मादी लहानखुरी निघते. मग ती निरुपद्रवी ठरते का? नाही. अशा अॅनोफिलिस मादीचे पहिले रक्त तिचे स्वतःचे अंग भरण्यातच खर्ची पडते, अंड्यांसाठी तिला दुसऱ्यांदा चावावे लागते. आपल्याकडे कोंड्याचा मांडा करण्याची म्हण आहे. ही मादी तो करते, पण आपल्या रक्ताच्या पिठात. आणि निम्म्याच अळ्या मारल्या तर उरलेल्यांना पोटभर मिळते. त्यांतून धडधाकट माद्या निघतात. त्यामुळे अर्धवट उपाय पुष्कळदा अंगाशी येतो.

म्हणून उपाय करायचा तो अळीला पंख फुटायच्या आत, आणि पुरता. अळीचा डास व्हायला पावसाळ्यात आठवडा ते दहा दिवस लागतात. त्याआधी बांधीतले पाणी एकदा आटू दिले, तर अळ्या चिखलातच संपतात. धानाला ते सोसते, फक्त पीक फुलोऱ्यावर असताना ओढ देऊ नये. पण झाडीपट्टीत पाणी एका बांधीतून दुसरीत उतरते. वरच्याने आटवले आणि खालच्याने अडवून ठेवले, तर डासाचे काहीच बिघडत नाही. हे काम एका शेतकऱ्याचे नाही, सगळ्या टापूने एका आठवड्यात करायचे आहे. बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, पाणी टिकून राहते, तिथे अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत.

गोठ्यातला धूर चालू राहू द्या. तो एका संध्याकाळची चापटी वाचवतो. मात्र त्या मादीचे कोठार भरले ते दहा दिवसांपूर्वी, धुऱ्यापलीकडच्या पाण्यात.

पुढच्या आठवड्यात : पाणी आटले तरी न मरणारे अंडे. एडिसचे सुकलेले अंडे आतला कारभार बदलून तग कसे धरते, हे मंडी आणि बेंगळुरूच्या संशोधकांनी २०२३ साली उलगडले. त्याची गोष्ट.