सेलमधला स्वस्त व्हीआर हेडसेट: घ्यावा की थांबावं?

सेल लागला की मोबाईलवर ठरलेलं चित्र दिसतं. खोडलेली मोठी किंमत, शेजारी लाल अक्षरातली नवी किंमत आणि खाली ‘फक्त ३ शिल्लक’. कपडे किंवा इयरफोन असतील तर फार विचार करावा लागत नाही. व्हीआर हेडसेटचं तसं नाही. एक तर रक्कम मोठी असते, आणि दुसरं म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी तो कधी डोक्याला लावूनही पाहिलेला नसतो. यूट्यूबवर कोणीतरी ‘बीट सेबर’ खेळताना दिसतो, आपल्यालाही हात शिवशिवतात आणि बोट ‘बाय नाऊ’वर जातं.

तिथेच दहा मिनिटं थांबा आणि हा लेख वाचा. नंतर घ्यायचा तर जरूर घ्या, पण नेमकं काय घेताय ते कळून घ्या.

आधी ओळखा: हा हेडसेट कोणत्या जातीचा आहे?

‘व्हीआर’ या एकाच नावाखाली बाजारात तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली म्हणजे मोबाईल घालायचा डबा. आत दोन भिंगं असतात, बाकी काही नसतं. स्क्रीन तुमच्या फोनची, सेन्सरही फोनचेच. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ आणला तो याच प्रकारचा. आपल्याकडे २०२३ च्या आयपीएलच्या वेळी आलेला १,२९९ रुपयांचा ‘जिओडाइव्ह’ही त्यातलाच.

दुसरी जात स्वतंत्र हेडसेटची. यात प्रोसेसर, स्क्रीन, बॅटरी, कॅमेरे सगळं आतच असतं. मेटाचे क्वेस्ट २, क्वेस्ट ३ आणि क्वेस्ट ३एस हे याचे ओळखीचे नमुने.

तिसरी जात वायरवाली. हा हेडसेट एकटा काहीच करत नाही. त्याला गेमिंग पीसी किंवा कन्सोल लागतो. एचपी रिव्हर्ब जी२, व्हॉल्व्ह इंडेक्स आणि प्लेस्टेशन व्हीआर२ या गटात येतात.

गेमिंगच्या दृष्टीने पहिल्या जातीत आणि बाकीच्या दोन जातींत मोठा फरक आहे. मोबाईलच्या डब्यात फोनला तुमची मान कुठे वळली एवढंच कळतं. तुम्ही पुढे झुकलात, खाली वाकलात, बाजूला सरकलात तर त्याला पत्ता नसतो. चांगल्या हेडसेटचे कॅमेरे खोलीकडे बघत असतात, त्यामुळे तुम्ही अर्धा फूट वाकलात तर गेममध्येही अर्धा फूट वाकता. समोरून आलेली गोळी चुकवायची किंवा टेबलाखाली डोकवायचं तर हे लागतंच. डब्यासोबत जो छोटा ब्लूटूथ रिमोट येतो, त्याचीही जागा फोनला कळत नाही. त्याची फक्त बटणं चालतात.

म्हणून ‘बीट सेबर’सारखा गेम डोक्यात ठेवून हजार-दीड हजारांचा डबा घेतलात तर पदरी निराशाच येईल. ३६० अंशांचे व्हिडिओ बघायला तो ठीक आहे, तेही फोनमध्ये जायरोस्कोप असेल तर. स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा तो नसतो. शिवाय मोठ्या कंपन्यांनी या प्रकारातून केव्हाच काढता पाय घेतला आहे. गूगलने २०१९ मध्ये डेड्रीम बंद केलं आणि २०२१ मध्ये कार्डबोर्डची विक्रीही थांबवली. त्यामुळे या डब्यांसाठी नवे चांगले गेम येतील अशी आशा नको.

किंमत उतरली, पण का उतरली?

सेलमध्ये विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा. हेडसेट स्वस्त होण्याची साधारण तीन कारणं असतात.

एक, कंपनीला हेडसेटपेक्षा गेम विकून पैसे कमवायचे असतात. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तसाच हा प्रकार. अशी सवलत खरी असते, फक्त पुढचा खर्च धरून चाला.

दोन, नवं मॉडेल आलेलं असतं. क्वेस्ट २ हे याचं उत्तम उदाहरण. तो ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला आला. २०२४ मध्ये त्याची किंमत १९९ डॉलरवर आली आणि त्याच वर्षी २९९ डॉलरचा क्वेस्ट ३एस बाजारात उतरला. म्हणजे १०० डॉलरचा फरक. क्वेस्ट २ तेव्हा चांगलाच स्वस्त वाटला, पण ‘बॅटमॅन: अर्खम शॅडो’ हा त्या वर्षीचा गाजलेला गेम फक्त क्वेस्ट ३ आणि ३एस वर आला. क्वेस्ट २ वर तो चालतच नाही. जुना हेडसेट एका रात्रीत मरत नाही, पण नवे गेम एकेक करून त्याला वगळू लागतात.

तीन, त्या हेडसेटला वाली उरलेला नसतो. ही सवलत सगळ्यात धोक्याची. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी’वर चालणारे हेडसेट एचपी, सॅमसंग, लेनोवो, एसर, डेल अशा नामांकित कंपन्यांनी काढले होते. त्यातला एचपी रिव्हर्ब जी२ २०२० मध्ये ५९९ डॉलरला आला, आणि त्याची स्क्रीन आजही वाईट म्हणता येणार नाही. पण डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही यंत्रणा बंद करणार असल्याचं जाहीर केलं आणि २०२४ च्या विंडोज ११ आवृत्ती २४एच२ मधून ती काढूनच टाकली. हेडसेट धडधाकट, वायर ठीक, स्क्रीन ठीक, पण विंडोज अपडेट केलं की तो चालत नाही. पुढे २०२५ मध्ये स्टीमवर एक मोफत ड्रायव्हर आला, पण तो फक्त एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डवर चालतो. असे हेडसेट सेकंड हँड बाजारात फार कमी किमतीत दिसतात. किंमत इतकी कमी का आहे ते आता तुम्हाला कळलं.

एक सोपा हिशोब लक्षात ठेवा. मॉडेल बाजारात कधी आलं ते वर्ष शोधा. पहिला ऑक्युलस क्वेस्ट मे २०१९ मध्ये आला. जानेवारी २०२३ मध्ये मेटाने त्याला नवे फीचर देणं बंद करत असल्याचं कळवलं आणि सुरक्षा अपडेट २०२४ पर्यंतच ठेवले. म्हणजे एकूण आयुष्य साधारण पाच वर्षांचं. आज चार वर्षं जुनं मॉडेल घेतलंत, तर ती पाच वर्षं तुमच्या खरेदीच्या तारखेपासून मोजली जाणार नाहीत. ती मॉडेल आलं तेव्हापासूनच सुरू झालेली आहेत.

सेलच्या पानावर न दिसणारा खर्च

समजा, हेडसेट बजेटमध्ये बसला. आता पुढची यादी बघा.

गेम: काही मोफत आहेत, जसा ‘गोरिला टॅग’. पण ज्यांच्यासाठी हेडसेट घेतला जातो ते बहुतेक गेम विकतचे असतात आणि ते मोबाईल गेमसारखे शे-दोनशे रुपयांत मिळत नाहीत. एक सोय आहे. मेटाच्या स्टोअरवर आणि स्टीमवर साधारणपणे १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर गेमचे पैसे परत मागता येतात.

पट्टा: स्वतंत्र हेडसेटचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं आणि ते पुढे चेहऱ्यावर येतं. सोबतचा कापडी पट्टा अर्ध्या तासात गालांवर वळ उठवतो. बरेच जण नंतर वेगळा, मागे वजन तोलणारा पट्टा घेतात.

राउटर: पीसीवरचे गेम वायरशिवाय हेडसेटवर खेळायचे असतील तर ५ गिगाहर्ट्झचा वायफाय हवा आणि पीसी राउटरला केबलने जोडलेला असावा.

पीसी किंवा कन्सोल: वायरवाला हेडसेट घेताना लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट आहे का ते आधी बघा. फक्त एचडीएमआय असेल तर रिव्हर्ब जी२ किंवा ऑक्युलस रिफ्ट एस जोडताच येणार नाही. प्लेस्टेशन व्हीआर२ ला प्लेस्टेशन ५ लागतो. ऑगस्ट २०२४ पासून त्यासाठी पीसीचा अॅडॉप्टर मिळतो, पण पीसीवर त्याचं आय ट्रॅकिंग आणि एचडीआर चालत नाही.

वॉरंटी: ऑनलाइन दिसणारे अनेक क्वेस्ट विक्रेत्याने बाहेरून आणलेले असतात. बिलावर वॉरंटी कोणाची, कंपनीची की विक्रेत्याची, हे ऑर्डर देण्याआधी लेखी विचारून घ्या. सहा महिन्यांनी कंट्रोलर बिघडला तर तो कुठे द्यायचा, याचं उत्तर विक्रेत्याकडे नसेल तर सवलतीचा उपयोग काय?

हे सगळं मिळून जी रक्कम येईल ती खरी किंमत. तिला अंदाजे खेळण्याच्या तासांनी भागा. एकूण ३०,००० रुपये गेले आणि २० तास खेळून हेडसेट कपाटात पडला, तर तासाला १,५०० रुपये पडले. ३०० तास खेळलात तर तासाला १०० रुपये. ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेणाऱ्यांनी तर हे गणित नक्की करावं. हेडसेट कपाटात गेला तरी हप्ता थांबत नाही.

तुमच्या शरीराला आणि खोलीला मानवतं का?

एसटीच्या घाटात मोबाईल बघितला की ज्यांना मळमळतं, त्यांनी इथे जरा जास्त लक्ष द्या. व्हीआरमध्ये डोळे सांगतात ‘आपण धावतोय’ आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते ‘आपण तर उभे आहोत’. या भांडणातून चक्कर, मळमळ, डोकेदुखी होते. रेसिंग आणि रोलर कोस्टरच्या गेममध्ये हे जास्त होतं. ‘बीट सेबर’मध्ये तुम्ही एका जागी उभे असता म्हणून कमी होतं. सुरुवात दहा-पंधरा मिनिटांनी करा आणि गरगरायला लागलं की लगेच थांबा. ‘सवय होईल’ म्हणून दामटत राहिलात तर त्रास वाढतो.

डोळ्यांचं अंतर हीसुद्धा एक महत्त्वाची गोष्ट आहे. दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं आणि भिंगं त्याच अंतरावर असावी लागतात. क्वेस्ट २ आणि ३एस मध्ये यासाठी ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून हवं तसं जुळवता येतं. चष्मेवाल्याकडे गेलात तर तो तुमचं अंतर मोजून देईल. चष्मा लावत असाल तर फ्रेम हेडसेटमध्ये बसते का तेही तपासा. फ्रेम भिंगाला घासली तर ओरखडे कायमचे.

आता खोली. चालत-फिरत खेळण्यासाठी मेटा किमान दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा सुचवते, म्हणजे साधारण साडेसहा फूट बाय साडेसहा फूट. दहा बाय दहाच्या खोलीत पलंग, कपाट आणि टेबल असेल तर एवढी जागा निघते का, ते टेप लावून मोजा. वरचा पंखा विसरू नका. हात वर करून खेळताना कंट्रोलर पात्यांना लागू शकतो. जागा कमीच असेल तर बसून खेळायचे गेम आहेत, पण मग तुमच्या मनातला गेम त्यात येतो का ते बघा. आणि घरात लहान भावंडं असतील तर मेटाच्या खात्यासाठी किमान वय १० वर्षं आहे, तेही पालकांच्या देखरेखीखाली.

सेकंड हँड घेताना

नुसते फोटो बघून पैसे पाठवू नका. समोर बसून चालू करून बघा. दोन्ही भिंगांवर प्रकाश टाकून ओरखडे तपासा. पांढरी स्क्रीन लावून डाग शोधा. खिडकीतलं ऊन भिंगांमधून आत गेलं की भिंग आपलं काम करतं आणि स्क्रीन जळते. असा डाग दुरुस्त होत नाही. कंट्रोलरची काडी न हलवता गेममधला माणूस आपोआप सरकतोय का ते बघा. सरकत असेल तर काडी खराब आहे.

शेवटी विक्रेत्याला तुमच्यासमोर हेडसेट स्वतःच्या खात्यातून काढायला आणि फॅक्टरी रीसेट करायला सांगा. ‘यात पन्नास गेम आहेत’ या बोलण्याला भुलू नका. गेम खात्याला जोडलेले असतात, रीसेट झालं की ते गेले.

मग घ्यावा का?

हेडसेट चालू पिढीतला आहे, वॉरंटी देणारा माणूस माहीत आहे, तुम्हाला खेळायचे असलेले किमान तीन गेम त्यावर चालतात आणि खोलीत जागा आहे, तर सवलत सोडू नका. चारही गोष्टी एकदम जुळून येणं रोजचं नाही.

गेमिंग पीसी आधीच घरात असेल तरी स्वतंत्र हेडसेटचा विचार करा. तो एकटाही चालतो आणि स्टीम लिंकने पीसीलाही जोडता येतो.

आणि अजून एकदाही व्हीआर लावून पाहिला नसेल तर आधी मित्राचा लावून बघा किंवा मॉलमधल्या व्हीआर गेम झोनमध्ये जा. तिथे हलणाऱ्या खुर्चीवर बसण्याऐवजी उभं राहून कंट्रोलर हातात घेऊन खेळायचा गेम मागा, कारण घरी तुम्ही तेच करणार आहात. शे-दोनशे रुपयांत कळेल की तुमचं डोकं गरगरतं का आणि पुन्हा खेळावंसं वाटतं का. तोवर ही ऑफर संपली तर संपू द्या. दिवाळी दर वर्षी येते आणि तिच्यासोबत सेलही येतोच.