लुकल्याची चढाची धावपट्टी

काठमांडूहून लुकल्याला निघालेल्या ट्विन ऑटरमध्ये हवाई सुंदरी ट्रे फिरवते. त्यात कानात घालायला कापूस आणि चघळायला गोळी. विमान एवढंसं, की वैमानिकांच्या खांद्यांवरून समोरची काच दिसते. त्या काचेत डोंगराला टेकवून ठेवलेल्या फळीसारखी पट्टी दिसली, की एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या गप्पा आपोआप थांबतात.

पट्टी ५२७ मीटरची, उंची सुमारे २,८४५ मीटर. एडमंड हिलरींनी ती १९६४ मध्ये करवून घेतली. माती दबावी म्हणून शेर्पांना तिच्यावर नाचायला लावलं होतं, असं ते सांगत. डांबर पडलं थेट २००१ मध्ये.

मला विचाराल तर इथलं खरं यंत्र विमान नव्हे, उतार आहे. जवळजवळ बारा टक्के. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साठेक मीटरचा, म्हणजे वीस मजल्यांचा फरक! उतरायचं चढाच्या दिशेने, उडायचं उताराच्या. हवा विरळ असल्याने वेगाचा काटा ८० नॉट दाखवतो तेव्हा विमान नव्वदच्या वर धावत असतं. चाकं टेकताच वैमानिक लिव्हर मागे ओढतो, पंख्यांची पाती उलटी वळतात आणि मघापर्यंत पुढे ओढणारी हवा विमानाला मागे रेटू लागते. उरलेला वेग चढ खातो.

हाच चढ डोळ्यांना फसवतोही. आपण फार वर आहोत असं वाटून विमान खाली आणण्याचा मोह होतो, आणि पट्टीच्या अलीकडे तर सरळ कडा. वरच्या टोकाला भिंत, मागे डोंगर. ठरावीक अंतरानंतर परत फिरणं नाही. ढगात वाट दाखवणारी यंत्रणाही नाही, सगळा भरवसा नजरेवर. ऑक्टोबर २००८ मध्ये धुक्यात एक ट्विन ऑटर पट्टीच्या अलीकडेच आदळलं, अठरा जण गेले. दुपारी दरीतून वारा चढतो, म्हणून उड्डाणं सकाळीच उरकतात.

वर पोचल्यावर बहुधा एक इंजिन चालूच राहतं. पोती, सॅक उतरतात, परतीची माणसं चढतात. विमान तोंड वळवून उभं राहतं, ब्रेक दाबलेले, पंखे पूर्ण जोरात, खिडक्या थरथरतायत. ब्रेक सुटतो. घरं, तारेचं कुंपण मागे पळतं, पट्टी संपते, आणि खिडकीखाली एकदम दूधकोशी नदीची दरी.