पोवाड्याची चाल कुठे गेली?

पोवाडा म्हटला की आपण शब्दांचा विचार करतो. सिंहगडच्या पोवाड्यात खरे किती आणि रचलेले किती, यावर मराठीत पुष्कळ शाई खर्ची पडली. तो कोणत्या चालीवर, डफाच्या कोणत्या ठेक्यावर उभा राहतो, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. लढाईची आठवण नुसत्या सुरात जपणारी स्कॉटलंडची परंपरा शेजारी ठेवली, की आपल्या हातून काय निसटले ते दिसते.

आधी आपल्या घरचे पाहू. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले. त्यावरचा तुळशीदास शाहिराचा पोवाडा परंपरेने शिवकालीन मानला जातो. तो छापून आला १८९१ साली, हॅरी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या संग्रहात. मधली दोनशे वर्षे तो मुख्यतः गाणाऱ्यांच्या कंठात होता.

गड पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, मोगलांकडे गेला होता. तो परत घेणे हे राजकारण होते. पोवाड्यात मात्र सारिपाटाचा डाव आहे, जिजाबाईंचा हट्ट आहे, तानाजीच्या घरचे रायबाचे लग्न आहे. राज्याची गोष्ट शाहिराने घरात आणली, म्हणून ती घरोघरी राहिली. घोरपडीला दोर लावून कडा चढण्याची कथा इतिहासकारांनी मान्य केली नाही. तानाजीवरून गडाला नाव पडले म्हणावे, तर सिंहगड हे नाव शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रात आधीच आहे. अशी छाननी हवीच. पण तिच्यात पोवाडा कागदपत्रांच्या कोर्टातला साक्षीदार झाला आणि त्याचे गाणेपण मागे पडले.

आता स्कॉटलंड. २४ जुलै १४११ रोजी हार्लॉ येथे बेटांचा अधिपती डोनाल्ड आणि मारचा अर्ल अलेक्झांडर स्ट्युअर्ट यांच्या फौजा भिडल्या. निकाल स्पष्ट लागला नाही. दोन्ही बाजूंनी विजय सांगितला. या लढाईवर शब्दांतले गाणेही आहे, पण बॅगपाइपवर वाजणाऱ्या तिच्या रचनेत एकही शब्द नाही. या वादनप्रकाराला पिब्रॉक म्हणतात. आधी संथ मूळ धून येते, तिचे नाव उर्लार, म्हणजे जमीन. मग फेरीगणिक बोटांची गुंतागुंत वाढत जाते आणि शेवटी वादक पुन्हा जमिनीवर येतो. वाद्यात स्वर नऊच. आवाज लहानमोठा करता येत नाही, मध्ये थांबता येत नाही. मागे अखंड एकच सूर घुमत राहतो. आपले तुणतुणे तेच काम करते. कोण जिंकले, हे ही धून सांगत नाही. ती फक्त त्या दिवसाचे नाव आणि वजन सांभाळते.

हे वादन गुरू शिष्याला बोलांनी शिकवी, पखवाजाचे बोल पाठ करावेत तसे. त्याचे शास्त्र सांगणारा पहिला ग्रंथ जोसेफ मॅक्डोनाल्डने १७६० च्या सुमारास, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी हिंदुस्थानकडे येताना लिहिला. तो इथेच वारला. हस्तलिखित बंगालमध्ये सापडले आणि १८०३ साली त्याच्या भावाने छापले. एका तरुणाने वेळेवर लिहिले, म्हणून पुढच्यांना बोटांच्या जागा कळल्या.

आपण शब्द लिहिले. य. न. केळकरांनी १९२८ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा मोठा संग्रह सिद्ध केला. त्याचे ऋण मोठे आहे. पण झीलकऱ्याने ‘जी जी’ कुठे उचलायचे, गद्य सांगून शाहीर पुन्हा चालीत कसा शिरतो, डफ कुठे गप्प राहतो, हे छापील पानावर येत नाही. शिवजयंतीला आमच्या वर्धा जिल्ह्यातही पोवाडा ऐकू येतो तो बहुधा ध्वनिमुद्रित, म्हणजे एका शाहिराची एकच चाल. ती ऐकून वाढलेल्या मुलाला दुसरी चाल असू शकते, हेच ठाऊक नसते.

विदर्भात खडी गंमतीचे, शाहिरीचे वयस्क गायक अजून आहेत. त्यांच्या वहीतले शब्द उतरवून घेणारे भेटतात. त्यांना पूर्ण साथीसह, झीलकऱ्यांसकट, सलग गायला बसवून मुद्रण करायला हवे, आणि तेही एकाच पोवाड्याचे निरनिराळ्या शाहिरांकडून. वही मागे राहील. चाल गाणाऱ्याबरोबर जाते.